आर. ई. एम. ऐकायला घेताना
तुम्ही आर. ई. एम. हा अमेरिकन रॉक बँड नव्याने ऐकायला घेत आहात, तर ‘आय. आर. एस. या आधीच्या छोट्या लेबलची (रेकॉर्ड कंपनीची) वर्षे अस्सल आणि नंतरच्या बड्या वॉर्नर ब्रदर्सची वर्षे बाजारू’ ही सरधोपट विभागणी आधी बाजूला ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुरुवात १९८३ च्या ‘मर्मर’ या अल्बमपासून करा, त्यात गायक मायकेल स्टाइप यांचे शब्द पुटपुटल्यासारखे येतात आणि पीटर बक यांच्या गिटारचे सुटे सुटे स्वर त्यांच्याभोवती विणले जातात, म्हणून अर्थ शोधण्याची घाई न करता तो दोन-तीनदा ऐकावा. त्यानंतर थेट १९८८ च्या ‘ग्रीन’वर, म्हणजे वॉर्नरकडच्या पहिल्या अल्बमवर, उडी मारू नका. गायन स्पष्ट होण्याची प्रक्रिया १९८६ च्या ‘लाइफ्स रिच पेजंट’मध्येच ठळक झाली होती, आणि ज्या स्कॉट लिट यांच्यासोबत बँडने पुढे ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ केला, ते १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’पासूनच, म्हणजे जुन्या लेबलकडे असतानाच, सहनिर्माते झाले होते. मोठ्या कंपनीच्या काळातला खरा फरक मला वाद्यांत जाणवतो: ‘आउट ऑफ टाइम’मधील मँडोलिन आणि ‘ऑटोमॅटिक’मधील काही गाण्यांसाठी ‘लेड झेपेलिन’ बँडचे जॉन पॉल जोन्स यांनी केलेली तंतुवाद्यांची रचना. माझ्या मते ‘ऑटोमॅटिक’ हेच बँडचे सर्वोत्तम काम आहे. तो अल्बम सलग, मधली गाणी न वगळता ऐका.