बैठक होते, निर्णय मात्र टिकत नाही

प्रश्न : आमच्या प्रकल्पगटात नऊजण असून गटाची जबाबदारी माझ्याकडे आहे. दर आठवड्याला दीड तासाची बैठक होते. प्रत्येकजण आपल्या कामाचा आढावा सांगतो, चर्चेत दोघे-तिघेच बोलतात, बाकीचे माना डोलावतात आणि ठरलेला विषय पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून निघतो. बैठका कमी कराव्यात का?

उत्तर : बैठका किती असाव्यात हे नंतर पाहता येईल. आपल्या पत्रातील ‘माना डोलावतात’ हे शब्द मला अधिक महत्त्वाचे वाटतात, कारण ज्याच्या मनात शंका असते त्याने ती बैठकीत बोलून दाखवली नाही, तर बाहेर पडताच ती डोके वर काढते आणि ठरलेला निर्णय आठवडाभरात डळमळू लागतो.

गॅरोल्ड स्टॅसर व विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चारचार विद्यार्थ्यांच्या गटांना काल्पनिक उमेदवारांतून एकाची निवड करायची होती. सर्वांत योग्य उमेदवार ओळखण्यापुरती माहिती गटाकडे होती, पण ती सदस्यांमध्ये विखुरलेली होती. चर्चेत मात्र ही विखुरलेली माहिती पुरेशी पुढे आली नाही आणि बहुतेक गटांची निवड चुकली. एकेकट्याकडे असलेली माहिती सर्वांपुढे यावी, याचसाठी तर आपण एकत्र बसतो.

हे मी स्वतः अनुभवले आहे. एका प्रकल्पात जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत आणण्यासाठी मी तीन दिवस धरले आणि बैठकीच्या आरंभीच तसे सांगून टाकले. गटातील सर्वांत नव्या सहकाऱ्याला त्या नोंदींमधील गोंधळ माहीत होता आणि या कामाला तीन आठवडे लागतील याचीही त्याला कल्पना होती, पण माझे मत आधीच ऐकल्यामुळे तो गप्प राहिला. चूक माझी होती. तेव्हापासून महत्त्वाच्या विषयावर मी आधी पाच मिनिटे सर्वांना आपापले मत कागदावर लिहायला सांगते, मग सर्वांत नव्या व्यक्तीपासून वाचायला सुरुवात होते आणि माझे मत मी सर्वांत शेवटी मांडते. पहिल्या एक-दोन बैठकांत हे थोडे कृत्रिम वाटेल. तरी ते सोडू नका.

कामाचा आढावा आदल्या दिवशी लेखी मागवावा. जे वाचून कळते ते नऊजणांना बसवून ऐकवण्याची गरज नाही, आणि एवढ्यानेच आपल्या दीड तासातील बराचसा वेळ मोकळा होईल.

विषयपत्रिकेकडेही लक्ष द्यावे. ‘चाचणीबाबत चर्चा’ असा विषय लिहिला की चर्चा होते, निर्णय होतोच असे नाही. त्याऐवजी ‘चाचणी सोमवारी सुरू करायची, की राहिलेल्या त्रुटी दूर होईपर्यंत थांबायचे?’ असे लिहिले, तर प्रत्येकजण उत्तराचा विचार करून येतो. इतिवृत्तालाही हाच न्याय लागू आहे. ‘लवकरात लवकर पाहण्याचे ठरले’ या वाक्यात कोणी पाहायचे आणि कधीपर्यंत, हे दोन्ही नाही. निर्णय, तो घेण्यामागचे कारण, एकाच व्यक्तीचे नाव आणि तारीख एवढे लिहून ते उठण्यापूर्वी मोठ्याने वाचावे. यात कारणाची नोंद सर्वांत आधी गाळली जाते, आणि माझ्या मते विषय पुन्हा उकरला जाण्याचे मोठे मूळ तिथेच असते. कारण लिहिलेले असेल, तर ‘यात काही नवे घडले आहे का?’ एवढेच विचारता येते. नवे घडले असेल तर विषय जरूर पुन्हा घ्यावा.

प्रश्न : इतिवृत्त कोणी लिहावे?

उत्तर : बैठक चालवणाऱ्याने लिहू नये, बोलणाऱ्यांकडे लक्ष देणे आणि नोंदी करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी नीट होत नाहीत. पाळीपाळीने इतरांकडे हे काम द्यावे, केवळ सर्वांत कनिष्ठ म्हणून ते एकाच व्यक्तीच्या गळ्यात घालू नये. शक्य असल्यास नोंदी सर्वांना पडद्यावर दिसतील अशा लिहाव्यात, म्हणजे चुकीचा शब्द तिथल्या तिथे दुरुस्त होतो आणि इतिवृत्त त्याच दिवशी पाठवता येते.