वाचकांचे प्रश्न : संगीत नाटकाचे शिक्षक व्हायचे आहे

प्रश्न : मी शास्त्रीय गायनात विशारद असून संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेते. नाट्यगायन शिकवणे हा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकेल का आणि त्यासाठी आणखी काय शिकावे?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : होऊ शकेल, मात्र केवळ संगीत नाटकावर घर चालेल असे गृहीत धरू नका. शिकवण्या, गायनाच्या परीक्षांची तयारी, शाळांची स्नेहसंमेलने आणि स्पर्धेच्या नाटकांचे संगीत यांतून मिळून हा संसार उभा राहतो.

विशारदमुळे रागाची बैठक पक्की होते, परंतु मैफलीत श्रोता आलाप संपेपर्यंत थांबतो. रंगमंचावर समोर उभ्या असलेल्या पात्राने तोवर काय करायचे, हे शिक्षकालाच सोडवावे लागते. भास्करबुवा बखले यांच्या चालींचे ‘स्वयंवर’ (१९१६) आणि पं. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत असलेले ‘मत्स्यगंधा’ (१९६४) ही नाटके शेजारी ठेवून अभ्यासलीत, तर पदाचा, म्हणजे नाटकातल्या गाण्याचा, विस्तार किती आटोपशीर होत गेला ते कळेल.

सर्वांत अवघड जागा संवादातून पदात शिरण्याची. विद्यार्थी शेवटचे वाक्य बोलतो, घसा खाकरतो, पेटीकडे पाहतो आणि मग गातो. तेवढ्यात प्रसंग निसटतो. वाक्य चालू असतानाच पेटीवाल्याने षड्ज (सा) हलका धरावा आणि नटाने शेवटचा शब्द त्या सुराजवळ आणून ठेवावा, याच्या तालमीला पद बसवण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे पेटीचा कोणता सूर ‘सा’ धरून गायचे याची. पुरुष काळी एकमध्ये (सप्तकातील पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) आणि स्त्री काळी चारमध्ये गात असेल, तर काळी एकचा पंचम (प) हाच काळी चारचा षड्ज असतो, हे ध्यानात ठेवून दोघांनी मिळून गायच्या द्वंद्वपदात एकाकडून दुसऱ्याकडे होणारा पालट आखावा. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांना, पालकांनी कितीही आग्रह केला तरी, वरच्या पट्टीत ताणू नये.

अभिनयाच्या रीतसर शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. वर्गाची सुरुवात मात्र पैठणच्या संत एकनाथांच्या भारुडांनी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांत सोंग, बोलणे आणि गाणे एकत्र येते आणि आपल्या भागातील मुलांच्या कानावर ती आधीच पडलेली असतात.

मानधन तालमी सुरू होण्यापूर्वी, किती तालमी घ्यायच्या ते पाहून ठरवावे. ‘प्रयोग होऊ द्या, मग बघू’ हे उत्तर आपल्याकडे फार ऐकू येते आणि ते स्वीकारू नये.