टायरच्या गणितात ६३ कुठून आलं?

तुझं गणित असं: सकाळी २७ अंश सेल्सिअसला टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली. दुपारी उन्हात टायर ५७ अंशांपर्यंत तापला, तर गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, किती दाखवेल? आकारमान तेच धरायचं. तुझं उत्तर ६३, मैत्रिणीचं ३३, पुस्तकातलं ३४.५.

आधी ६३ खरं वाटतं का बघ. मे महिन्यात आपल्या सोलापुरात सात रस्ता चौकात गाड्या तासन्‌तास उन्हात उभ्या असतात. दाब असा दुपटीने वाढला असता, तर रोज टायर फुटताना दिसले असते. तू ५७ ला २७ ने भागलंस. पण सेल्सिअसचा शून्य ही पाणी गोठण्याची खूण आहे, वायूचे रेणू तिथे काही थांबत नाहीत. म्हणून केल्विन घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे: ३०० आणि ३३०. वाढ फक्त दहा टक्के.

मैत्रिणीने इथवर बरोबर केलं आणि ३० ला १.१ ने गुणलं. तिची चूक जास्त चिवट आहे. वर्गात कितीही समजावलं तरी ती जात नाही, म्हणून मी मुलांना पंक्चरच्या दुकानात नेतो आणि टायरला न लावलेला गेज दाखवतो. त्याचा काटा शून्यावर असतो. भोवतालची हवा तर त्याच्या तोंडावर दाब देतेच आहे! म्हणजे गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. वायूच्या नियमात मात्र पूर्ण दाब लागतो.

तेव्हा ३० मध्ये वातावरणाचे १४.७ मिळव: ४४.७. त्याला १.१ ने गुण: ४९.२. आता १४.७ परत वजा कर: ३४.५. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच असल्याने इथे वातावरणाचा दाब १३.९ च्या आसपास भरतो. तो घेतलास तर ३४.४ येईल, फरक नगण्य.

दुसऱ्या गणितात २५० मिलिलिटर हायड्रोजन २७ अंशांना पाण्यावर गोळा केलाय, एकूण दाब पाऱ्याचे ७२० मिलिमीटर, आणि हायड्रोजनचे मोल काढायचेत. त्या नळीत हायड्रोजनबरोबर पाण्याची वाफही आहे, तिचा दाब २६.७. तो आधी वजा कर, उरले ६९३.३. मोल काढायला PV = nRT वापरायचं; त्यात आर, म्हणजे वायू स्थिरांक, ०.०८२१ घेणार असशील तर दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्येच हवं: ६९३.३ भागिले ७६० म्हणजे ०.९१२, आणि ०.२५ लिटर. मोल येतात ०.००९३. वाफ वजा न करता तुझे ०.००९६ आले होते.