तारा नाही, त्याच्याशेजारचा वायू लुकलुकतो

काही जोडताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण सेकंदाला शेकडो वेळा कमी-जास्त होतात. सूर्याएवढा तारा इतक्या वेगाने कमी-जास्त कसा उजळेल, असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे, कारण आख्खा तारा तसा उजळूच शकत नाही. सूर्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला प्रकाशालाच साडेचार सेकंदांहून जास्त लागतात. चमक मिलिसेकंदांत बदलते आहे, म्हणजे ती फार तर काहीशे किलोमीटरच्या जागेतून येत असणार.

ही जागा असते जोडीतल्या न्यूट्रॉन ताऱ्याला (मेलेल्या ताऱ्याच्या अतिघन गाभ्याला) किंवा कृष्णविवराला अगदी लगटून. जोडीदार ताऱ्याकडून ओढला गेलेला वायू सरळ आत पडत नाही. त्याची चकती होते, तो गरगरत आत सरकतो, प्रचंड तापतो आणि क्ष-किरण सोडतो. दहा सूर्यांच्या वस्तुमानाचं, स्वतःभोवती न फिरणारं कृष्णविवर घेतलं, तर स्थिर कक्षेची आतली हद्द केंद्रापासून सुमारे ९० किलोमीटरवर येते. तिथला वायू सेकंदाला साधारण २२० फेऱ्या मारतो! न्यूट्रॉन तारे हलके, त्यामुळे तिथे हा आकडा आणखी चढतो. १९९६ मध्ये आरएक्सटीई या क्ष-किरण उपग्रहाला स्कॉर्पियस एक्स-१ या न्यूट्रॉन ताऱ्याच्या जोडीमध्ये हजार हर्ट्झच्या घरातली, म्हणजे सेकंदाला हजारेक वेळा होणारी आंदोलनं सापडली.

मात्र ही आंदोलनं पल्सारइतकी, म्हणजे फिरता फिरता ठरावीक वेळाने स्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याइतकी काटेकोर नसतात. वारंवारतेचा आलेख काढला की टोकदार रेघेऐवजी पसरट उंचवटा दिसतो, म्हणून त्यांना अर्ध-आवर्ती म्हणतात.

सगळ्यांचं कारण एकच नाही आणि त्यावर अजून वाद आहेत. मला सर्वांत पटलेला पुरावा याहून बऱ्याच मंद आंदोलनांचा आहे. स्वतःभोवती फिरणारी जड वस्तू भोवतालचा अवकाशही ओढत नेते, असं लेन्स आणि थिरिंग या शास्त्रज्ञांनी १९१८ मध्येच गणिताने दाखवलं होतं; कृष्णविवराजवळ हा परिणाम खूप तीव्र असतो. त्यामुळे विवराच्या अक्षाशी तिरपा असलेला आतला वायू भोवऱ्यासारखा डुलायला हवा. एच१७४३-३२२ या कृष्णविवराजवळ लोहाची वर्णरेषा (लोहाचे अणू ठरावीक ऊर्जेला सोडतात ते क्ष-किरण) आंदोलनाच्या तालावर कमी-जास्त ऊर्जेकडे सरकताना एक्सएमएम-न्यूटन आणि न्यूस्टार या दुर्बिणींनी पकडली. वायू डुलत असेल तर तो चकतीची आपल्याकडे येणारी आणि दूर जाणारी बाजू आळीपाळीने उजळेल, म्हणजे नेमकं हेच दिसायला हवं.

उपग्रहांच्या नोंदींत स्वतः पाहायचं असेल, तर जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवरापासून सुरुवात करा. त्याचं ६७ हर्ट्झच्या आसपासचं आंदोलन अनेक वर्षांच्या नोंदींत जवळपास त्याच वारंवारतेला आढळलंय. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या लॅक्सपीसी उपकरणानेही ते टिपलंय.