‘शास्त्रीय’ म्हणावं की ‘अभिजात’?

प्रश्न असा आहे: अमेरिकन जॅझ-ब्लूज गायिका आणि पियानोवादक निना सिमोनवरच्या लेखात ‘तिच्या पियानोवर शास्त्रीय संगीताचा प्रभाव आहे’ असं लिहिलं, ते बरोबर का?

व्याकरणाने बरोबर, पण मराठी कानाला ते भलतंच ऐकू येईल. ‘शास्त्रीय संगीत’ म्हटलं की आपल्यापुढे तानपुरा उभा राहतो. आणि आपल्या संगीताकडे वळलेले जॅझवादक खरोखर आहेत: पियानो आणि हार्प वाजवणाऱ्या अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या १९७१च्या अल्बममध्ये तानपुराच आहे. मग वाचकाने कोणतं शास्त्रीय समजायचं?

‘पाश्चात्य शास्त्रीय’ म्हटल्याने थोडं भागतं, पूर्ण नाही. आपल्या शास्त्रीय गाण्याचा जीव उपजेत, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं गाण्यात आहे; बंदिश चार ओळींची, बढत तासाभराची. युरोपचं क्लासिकल आज वाजतं ते बहुतेक आधी लिहून ठेवलेलं. त्यामुळे जॅझ पियानोवर ‘शास्त्रीय प्रभाव’ म्हटलं की आपला वाचक समजणार, आयत्या वेळी सुचून वाजवणं तिकडून आलं. खरं तर तोच भाग जॅझचा स्वतःचा.

म्हणून पहिल्या उल्लेखाला मी ‘पाश्चात्य अभिजात संगीत’ लिहितो. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोचलाय. एक गोष्ट मात्र मला खुपते. ‘अभिजात’चा मूळ अर्थ कुलीन, चांगल्या घरात जन्मलेला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताशेजारी तो ठेवला की ब्लूज आपोआप हलक्या कुळातला ठरतो, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

यावर उपाय सोपा आहे, थेट संगीतकाराचं नाव घ्यावं. जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सचं १९५८चं ‘पीस पीस’ ऐका. डावा हात दोनच कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) शांतपणे, झोका दिल्यासारखा, पुन्हा पुन्हा वाजवत राहतो आणि उजवा हात त्यावर हळूहळू मोकळा होतो. युरोपियन संगीतकार शोपाँच्या पाळणागीतातही डाव्या हाताचं काम हेच. ‘शोपाँच्या पाळण्याची आठवण होते’ असं लिहिलं की वाचकाला नेमकं काय ऐकायचं ते कळतं. शिवाय युरोपच्या संगीताचेही कालखंड आहेत: संगीतकार बाख आधीच्या बरोक काळातला, शोपाँ नंतरच्या रोमँटिक. काटेकोर अर्थाने ‘क्लासिकल’ म्हणजे हायडन-मोत्सार्टचा काळ. नाव घेतलं की तोही घोटाळा टळतो.

आता ‘प्रभाव’. प्रभाव बाहेरून पडतो. सिमोनची गोष्ट वेगळी. लहानपणापासून ती बाख शिकली, मैफलीची पियानोवादक व्हायचं म्हणून झटली. १९५१मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेने तिला प्रवेश नाकारला. पुढे ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ या लोकप्रिय गाण्याच्या मध्येच तिचे दोन हात दोन वेगळ्या चाली धरतात, एकमेकींचा पाठलाग करतात, ऐकावं तर थेट बाख. हातात असं मुरलेल्याला मराठीत फार चांगला शब्द आहे: संस्कार. गाण्यातली माणसं ‘तालीम’ही म्हणतील, पण तालीम म्हणजे शिकवणी आणि संस्कार म्हणजे तिच्यातून अंगी उरलेलं.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘ती ब्लूज वाजवते तेव्हाही हातांवरचे बाखचे संस्कार ऐकू येतात.’