हातात किती पडतील?

प्रिय मुला,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, म्हणजे सेकंड शिफ्टच्या गेटवरूनच टाकलेला दिसतोय. "मॅडम, पहिल्याच आठवड्यात तीन पोरं लाइन सोडून पळाली, साहेब सगळ्यांसमोर बोलले, नोकरी सोडू का?" सोडायची की नाही ते तुझं तू ठरव. पण कारखान्यांना कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत तू लागलास, तर तू आणलेली पोरं का पळाली ते आधी समजून घे, नाहीतर पुढच्या एजन्सीतही हेच होणार.

त्यांना पगार किती सांगितला होतास? पैज लावून सांगते, सोळा हजार. कंपनीच्या एचआरने तुला सोळा सांगितले, साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीत सोळा टाकले, तूही तेच पुढे म्हटलंस. आता कागद घेऊन बस. समज, बेसिक आणि डीए, म्हणजे महागाई भत्ता, मिळून १३,००० आहेत. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,५६०. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का, तो पूर्ण सोळा हजारांवर धरला तर १२०. प्रोफेशनल टॅक्स २००. (तोही पुरुषांना, महाराष्ट्रात २५ हजारांच्या आत पगार असलेल्या बाईला तो लागत नाही, हे तुझ्या ऑफिसात कितींना माहीत आहे ते एकदा विचारून बघ.) राहिले १४,१२०. त्यातून कँटीन गेलं, बस गेली. चाकणजवळच्या नाणेकरवाडीतल्या खोलीत सहा जणांत एक कॉट घेतली तरी भाडं आहेच. गावाहून निघताना पोरगा आईला सोळा सांगून आलेला असतो. चहाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरचा जुना कामगार त्याला खरा आकडा सांगतो. झालं. तो कामाला कंटाळून पळालेला नाही, तू खोटं बोललास म्हणून पळाला.

तू उदगीरचा, म्हणजे तुला माहीतच आहे की आपल्याकडचं पोरगं पगार विचारत नाही, "हातात किती पडतील?" असं विचारतं. याचं उत्तर त्याचं नाव विचारायच्या आधी द्यायचं, तेही कापाकापीसकट, कागदावर मांडून. दहातले चार तिथूनच परत जातील. जाऊ देत. पहिल्या दिवशी पळालेला माणूस गेटवरून परत गेलेल्या माणसापेक्षा कितीतरी महाग पडतो. त्याचं मेडिकल, बूट, गेटपास, सगळं झालेलं असतं आणि वर कंपनीचा फोन येतो, "आज चार हेड शॉर्ट आहेत."

आता साहेबांच्या ओरडण्याचं. त्याचंही एक गणित आहे. तुमच्याकडे त्या कंपनीत दोनशे माणसं आहेत, म्हणजे महिन्याला ३२ लाखांचा पगार, शिवाय मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. आणि कंपनी आपलं बिल कधी देते? पंचेचाळीस दिवसांनी, साठ दिवसांनी. त्यातही पंचिंग मशीनची हजेरी आणि आपलं मस्टर, म्हणजे हजेरीपट, यांत दोन दिवसांचा फरक निघाला की अख्खं बिल टेबलावर पडून राहतं. तोवर साहेब बँकेचे किंवा कुणाचे तरी व्याजाचे पैसे फिरवत असतात. सर्व्हिस चार्ज सहा टक्के धरला तर ३२ लाखांवर १ लाख ९२ हजार. त्यात ऑफिसचं भाडं, तुझा पगार, व्याज, आणि कधीमधी कुणाकुणाची दिवाळीही. लोकांना वाटतं ठेकेदार लाखांत खेळतो. खेळतो खरा, पण बहुतेक दुसऱ्याच्या लाखांत.

म्हणूनच या धंद्यात हात वाकडा पडायला वेळ लागत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा हे कायद्यात स्पष्ट आहे, तरी सिंगलने देणारे मी ढिगाने पाहिले. बुटांचे पैसे कापणारे पाहिले. यातल्या काही गोष्टींसाठी तू भांडशील, काही वेळा हरशील. मीही हरले आहे. पण एका गोष्टीला भांडणसुद्धा नाही. माणसाच्या पगारातून पीएफ कापला आणि भरलाच नाही, तर त्या ऑफिसात बसायचं नाही. भरणा पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत करायचा असतो. वीस तारखेनंतर कुणाही एका कामगाराला त्याचं पीएफचं पासबुक उघडायला सांग. एखादा महिना मागेपुढे समजू शकते. चार महिने कोरे दिसले तर त्या दिवशी राजीनामा दे, तेव्हा मला विचारूही नकोस.

पीएफवरून आठवलं, नावं नीट लिही. हे तुला कुठल्याही एमबीएत शिकवलेलं नसणार. आपल्याकडच्या ज्ञानेश्वराचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर डीएनने सुरू होतं आणि आधारवर जीवायने. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, मध्ये वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. जॉइनिंगच्या गर्दीत तू जसं ऐकशील तसं टाइप करशील, आणि तीन वर्षांनी बहिणीच्या लग्नाला पैसे काढायला गेल्यावर त्याला कळेल की नाव जुळत नाही. तेव्हा तू तिसऱ्याच कंपनीत असशील. आणि आधीचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आहे का ते हमखास विचार. "नाही" म्हणाला तरी मोबाइल नंबरावरून तपास, कारण मागच्या ठेकेदाराने काढलेला नंबर बहुतेकांना माहीतच नसतो.

आता एक माझी चूक सांगते, कारण ती तू करू नयेस. २०१४ सालची गोष्ट. शुक्रवारी सात पोरं आली. ईएसआयचे नंबर सोमवारी एकदम टाकू, असं मी म्हटलं आणि सातही जणांना गेटच्या आत सोडलं. शनिवारी सेकंड शिफ्टला प्रेस शॉपमध्ये त्यातल्या एकाची दोन बोटं गेली. एकोणीस वर्षांचा होता. सुपरवायझरचा फोन आला, "मॅडम, तुमच्या माणसाला लागलंय." सकाळपर्यंत तो त्यांच्या लाइनचा ऑपरेटर होता, आता माझा माणूस झाला होता. कामावरच्या अपघाताला ईएसआयमध्ये किती दिवस वर्गणी भरली हे पाहत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. पण नंबर अपघातानंतर निघाला की प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न येतो, हा खरंच त्या दिवशी कामावर होता का? ते सिद्ध करायला पाच महिने गेले. त्याच्या वडिलांना घेऊन मी त्या चकरा मारल्या. ते मला एक शब्द बोलले नाहीत, दर वेळी माझ्यासाठी चहा मागवायचे. त्यानंतर नंबर निघाल्याशिवाय मी कुणाला गेट ओलांडू दिलं नाही. कंपनीने कितीही आरडाओरडा केला तरी.

"पर्मनंट" हा शब्द तोंडातून काढू नकोस. सहा-सात महिन्यांनी कामावरून ब्रेक मिळेल, पुन्हा घेतील किंवा नाही घेणार, असं सरळ सांग. आणि एखादा ठेकेदार पगार बुडवून पळाला तर मूळ कंपनीकडे मागता येतो, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आली आहे, हेही सांग. आपणच ठेकेदाराची माणसं असून हे सांगायचं का, असं तुझे साहेब म्हणतील. मला म्हणाले होते.

त्या तीन पोरांना रविवारी दुपारी फोन कर. परत बोलवायला नाही. आकडा चुकीचा सांगितला एवढं कबूल कर आणि काम केलेल्या दिवसाचा पगार कधी मिळेल ते सांग, मग तो खरंच पाठव. उचलतील की नाही माहीत नाही. दोघांनी तरी उचलला तर दिवाळीनंतर ते आणखी चौघांना घेऊन येतात, असा माझा अनुभव आहे.

सोबत माझी जुनी वही पाठवते आहे, लाल बांधणीची. तिच्यात गावांची नावं आणि पुढे जत्रांच्या तिथी आहेत, कुठे सोयाबीनची काढणी कधी सुरू होते तेही आहे. पोरगं "आजी आजारी आहे" म्हणालं की मी आधी वही बघायचे. मग त्याला म्हणायचे, जत्रेला जा, पण सोमवारी सकाळी लाइनवर ये. आणि कंपनीला महिनाभर आधीच सांगून ठेवायचे की या आठवड्यात वीस माणसं कमी येतील. त्यांना वाटायचं मी ज्योतिष बघते. लातूर, नांदेड, वाशीम बरंच भरलेलं आहे. उदगीरचं पान जवळपास कोरं आहे, ते तू भर.

तुझी,
मॅडम