गॉसिप कॉलम लिहिणारी नायिका आणि बदनाम रंगेल नायक, असा हिस्टॉरिकल रोमान्स जुन्या कोकणात घडवता येईल का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी रीजन्सी रोमान्समध्ये असते तशी टोपणनावाने लोकांच्या भानगडी छापणारी नायिका आणि जिथे तिथे बदनाम असलेला नायक उचलून जुन्या रत्नागिरीत आणून ठेवले तर पटेल का, आणि मुळात लंडनमध्ये तरी असलं काही खरंच व्हायचं का. मी रत्नागिरीची, ही पुस्तकं मोबाईलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचणारी, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

लंडनचं आधी उरकते. खरंच व्हायचं, आणि पुस्तकात दाखवतात त्यापेक्षा घाण व्हायचं. रीजन्सी म्हणजे राजाच्या जागी युवराज कारभार बघायचा तो काळ, 1811 ते 1820, पण भानगडी छापायचा धंदा त्याच्या कितीतरी आधीचा. टाउन अँड कंट्री नावाचं मासिक 1769 ला सुरू झालं, त्यात प्रत्येक अंकात एका जोडप्याची दोन अंडाकृती चित्रं समोरासमोर छापायचे आणि खाली त्यांच्या लफड्याची साग्रसंगीत हकिकत, नाव मात्र पूर्ण द्यायचं नाही, एखादं अक्षर आणि मधे रेघ. कोण ते सगळ्यांना कळायचं, तीच तर मजा. पेपरवाले तर बातमी न छापायचे पैसे घ्यायचे आणि छापून झाल्यावर खुलासा छापायचेही वेगळे पैसे घ्यायचे. 1825 मध्ये हॅरिएट विल्सन नावाच्या बाईने आपल्या आठवणी छापायला घेतल्या तेव्हा जुन्या यारांना सरळ पत्रं टाकली की दोनशे पौंड द्या, तुमचं नाव गाळते. म्हणजे गॉसिप लिहिणं हा नाजूक बाईचा छंद वगैरे नव्हता, पक्का धंदा होता. तुमच्या नायिकेलाही पैशाची गरज असू द्या बरं का, उगाच गंमत म्हणून लिहिणारी नायिका मला कधीच पटत नाही.

नायकाचं म्हणाल तर तिथल्या लॉर्ड लोकांना कर्जापायी तुरुंगात टाकता यायचं नाही. शिंप्याची बिलं वर्षानुवर्षं थकवायचे पण पत्त्यात हरलेले पैसे मात्र लगेच चुकवायचे, कारण ती म्हणे अब्रूची गोष्ट. ज्याला पदवी नाही त्याची मात्र वाट लागायची, तो ब्रमेल, सगळ्या लंडनला कपडे कसे घालायचे ते शिकवणारा, लॉर्ड नव्हता, 1816 मध्ये कर्ज डोक्यावर घेऊन रातोरात फ्रान्सला पळाला. आणि थोरल्या मुलाला सगळी इस्टेट, म्हणून त्या एका माणसामागे सगळ्या आया आपल्या मुली घेऊन धावतात. पुस्तकाचं अर्धं इंजिन हेच.

आता हे कोकणात आणा. ड्यूकच्या जागी खोताचा, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचा मुलगा, हे सगळ्यांनाच सुचतं. पण खोती एकट्याची नसायची हो! भाऊबंदांच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या पडलेल्या असायच्या, आज या घराकडे वहिवाट तर उद्या त्या घराकडे, आणि हिंदू कायद्याने मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हक्क. त्यामुळे इथे 'एकुलता एक देखणा वारस' असला प्रकार नाही, तर देखणा वारस, त्याचे तीन काका, सात चुलतभाऊ आणि आंब्याच्या एका कलमावरून चाललेला दावा असा प्रकार आहे. माझं स्पष्ट मत, हे लपवू नका, हेच वापरा.

कारण याच कायद्यात तेव्हा एक भन्नाट गोष्ट होती. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, पण बापाने ते जुगार, दारू, बाई असल्या गोष्टींवर उडवलेलं असेल तर मुलगा बांधील नव्हता. आता बघा, लंडनमध्ये जुगाराचं कर्ज सगळ्यात आधी फेडायचं आणि इथे नेमकं तेच फेडायचं नाही. मग गोष्ट अशी होते की नायकाचा बाप मेलाय, सावकाराने दावा ठोकलाय, आणि जमीन वाचवायची तर नायकाला कोर्टात सिद्ध करावं लागणार की माझा बाप बाहेरख्याली होता, पैसा तिकडेच गेला. आणि याचा सगळा तपशील, कुठल्या महिन्यात किती पैसे कुठे गेले, तो कोणाकडे आहे? मुंबईच्या पेपरात टोपणनावाने कोकणचं वर्तमान लिहून पाठवणाऱ्या तुमच्या नायिकेकडे. लंडनचा नायक बाईने गप्प बसावं म्हणून पैसे मोजतो, आमचा नायक मात्र तिने बोलावं म्हणून तिच्या दारात येणार. शिवाय तो स्वतःही गिरगावात वकिलीच्या अभ्यासाच्या नावाखाली नाटकं बघत पडलेला, त्यामुळे सावकाराचा वकील म्हणणार की बाप कसला, पैसे यानेच उडवले. हे जमलं तर बॉलरूमची गरजच नाही.

पेपर काढणं आणि त्यात टोपणनावाने लिहिणं आपल्याकडे नवीन नाही. दर्पण हे पहिलं मराठी वर्तमानपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगडकडच्या पोंभुर्ल्याचे, ते 1832 सालचं. 1848 पासून प्रभाकर नावाच्या पेपरात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं यायची ती गोपाळ हरी देशमुखांची, सरकारी नोकरीतला माणूस. आणि संपादकाला भीतीही खरी वाटायची, 1882 मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या कारभाऱ्यावर आरोप छापल्याच्या प्रकरणात टिळक आणि आगरकर अब्रुनुकसानीसाठी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस बसून आले. त्यांनी ज्या पत्रांवर भरवसा ठेवला होता ती बनावट निघाली होती, हा धागा तुमच्या गोष्टीला फुकट मिळतोय, सावकाराने बनावट पत्र पेरलं तर? अजून एक, इंग्लंडात 1843 पर्यंत अब्रुनुकसानीच्या फौजदारी खटल्यात 'हे खरं आहे' असं म्हणून सुटता यायचं नाही, आपल्याकडे 1862 पासून पीनल कोड लागू झालं त्यात खरं असून लोकहिताचंही असेल तर सूट. म्हणजे नायिकेला आपल्या चहाडीत लोकहित शोधावं लागणार, तिच्या स्वभावाला ते कितपत झेपतं ते बघायला मला आवडेल.

आता नायिका कोण? इंग्रजी पुस्तकात ती बहुतेक वेळा कोपऱ्यात बसलेली, नाचायला कोणी न विचारणारी मुलगी असते, तिच्यासमोर लोक बिनधास्त बोलतात कारण ती त्यांच्या हिशेबातच नसते. कोकणातल्या ब्राह्मण घरात 1885 च्या सुमारास अशी बाई म्हणजे विधवा. आलवण नेसलेली, पंगतीत नाही, हळदीकुंकवाला नाही, पण माजघरात चोवीस तास हजर. ओटीवरचं बोलणं तिला ऐकू येतं, बाळंतिणीच्या खोलीतलंही येतं, विहिरीवरचंही येतं. तिकडची श्रीमंत विधवा सगळ्यात मोकळी बाई असते, स्वतःचे पैसे, स्वतःची बग्गी, आणि इथली विधवा सगळ्यात बांधलेली. हा फरक न समजता लिहिलेल्या गोष्टी मी वाचल्यात, त्यात विधवा नायिका खुशाल समुद्रावर एकटी फिरायला जाते, नायक घोड्यावरून येतो, अरे कुठली वाळू आणि कुठला घोडा.

तिला लिहिता कसं येतं त्याचं कारण मात्र द्या. बाप कचेरीत कारकून, त्याने हौसेने मोडी शिकवली, एवढं पुरे. पेपरला पाठवताना ती बाळबोधात, म्हणजे आजच्या देवनागरीत लिहिते, घरचे हिशेब मोडीत. नायकाने दोन्ही कागद शेजारी ठेवले की एखादं अक्षर वळवायची लकब जुळते. मला तरी हे कुलुपबंद डायरी सापडण्यापेक्षा बरं वाटतं. पेपर ती कुठे वाचते असं कोणी विचारलंच तर आमचं रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं आहे, तिथून कोणी घरी आणला म्हणा, ती स्वतः तिथे गेली असं मात्र दाखवू नका.

भेटणार कुठे, हा खरा प्रॉब्लेम. लंडनला अल्मॅक्स नावाच्या हॉलमधलं दर बुधवारचं नाचगाणं, तिथल्या बायकांनी पास दिला तरच आत. आपल्याकडे कीर्तन, जत्रा, लग्नघर, आणि बोट. मुंबईहून आगबोट यायची ती बंदराबाहेर थांबायची, मग मचव्यातून, म्हणजे छोट्या होडीतून किनाऱ्याला. मचव्यात सोवळंओवळं सगळं गुंडाळून बसावं लागतं आणि निम्मे लोक ओकत असतात. पहिली भेट तिथे घाला, तो रंगेल माणूस हिरवापिवळा पडलाय आणि ही शांत बसलीय. आणि पावसाळ्यात बोटी बंद! म्हणजे जूनच्या आधी घरी आलेला नायक नारळी पौर्णिमा होईपर्यंत अडकला, नाटक नाही, मित्र नाहीत, फक्त पाऊस, फणसाची भाजी आणि भाऊबंद. घाट चढून जाता येतं म्हणा, पण त्याला इतकी हौस नाही असं दाखवता येईल.

शिमगा विसरू नका. वर्षभर दबक्या आवाजात चाललेलं त्या दिवसांत होळीभोवती बोंब मारून सगळ्यांसमोर बोललं जातं, नावानिशी. पेपरात न छापलेलं तिथे ऐकू येतं, आणि नायिकेचं पोट त्यावरच भरतं.

कोणी म्हणेल रत्नागिरीत असली मोठी लफडी कुठली. तर ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1916 पर्यंत इथे कैदेत होता, आणि त्याच्या थोरल्या राजकन्येला राजवाड्यावर नोकरीला असलेल्या, आधीच लग्न झालेल्या मराठी माणसापासून मुलगी झाली. साहेब लोकांनी त्यावर सरकारी पत्रव्यवहार केला. राजकन्येचं प्रेमप्रकरण आणि त्यावर इनवर्ड नंबर, बघा म्हणजे.

एका गोष्टीवर मात्र मी भांडेन. इंग्रजी पुस्तकात नायकाच्या आधीच्या बायका, त्या गाणाऱ्या वगैरे, दुसऱ्या प्रकरणात गायब होतात. कोकणात त्या जागी देवळाच्या भाविणी नाहीतर कलावंतिणी येतील, ज्यांना जन्मापासून दुसरा रस्ताच दिला नव्हता, देवदासी बंदीचा कायदा मुंबई इलाख्यात आला तो 1934 ला. बापाने पैसा जिच्यावर उडवला असं कोर्टात सांगायचंय तिलाही बोलू द्या. ती म्हणू शकते की मला कधी दमडी मिळाली नाही, आणि मग नायकाची केसच कोसळते. नायिकेने ऐकीव गोष्टीवर जे लिहिलं ते खोटं ठरतं. या क्षणी मला पुस्तक खाली ठेवता येणार नाही.

शेवट. नायिकेची साक्ष हवी तर ती उघडी पडणार. ज्या बायका रीतीप्रमाणे बाहेर पडत नाहीत त्यांना कोर्टात न येण्याची सवलत दिवाणी कायद्यात होती, कमिशनर घरी येऊन जबानी घ्यायचा. तेव्हा कमिशनर ओटीवर, ती माजघराच्या दाराआड, आणि अंगणात अख्खं गाव कान टवकारून. नायकाने आधी तिचं नाव घ्यायला नकार दिलेला असावा, आणि तिने स्वतः निरोप पाठवून बोलावलेलं असावं. लग्न लावायचं तर लावा, विधवाविवाह 1856 पासून कायदेशीर आहे, फक्त त्या काळी पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जायचा. आणि गाव वाळीत टाकणार, यात शंका ठेवू नका. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांनाही सोडलं नाही, आणि ते तर सज्जन माणूस होते, तुमचा हिरो तसा नाही.

म्हणून दोघांना मुंबईला पाठवा, पण पावसाळा संपल्यावर, आणि दोघांची गोत्रं वेगळी आहेत ना ते पहिल्याच प्रकरणात तपासून घ्या नाहीतर इथे कमेंटमध्ये लोक सोडायचे नाहीत.